रवा, रुमाल आणि गुणसूत्र

१६३० च्या सुमारास विजापूरकरांचा सरदार मुरार जगदेव पुण्यावर चालून आला. तेव्हाचे पुणे म्हणजे आजची कसबा पेठ आणि तिच्या कडेचा थोडा मुलूख. त्याने गाव जाळले, गाढवांचा नांगर फिरवला आणि इथे पुन्हा कोणी वस्ती करू नये म्हणून लोखंडी पहार ठोकली, असे परंपरा सांगते. काही वर्षांतच चित्र पालटले. शहाजीराजांच्या जहागिरीवर जिजाबाई आणि बाळ शिवाजी आले, दादोजी कोंडदेवांनी कारभार हाती घेतला, लाल महाल उभा राहिला, गणपतीचे देऊळ झाले आणि त्याची पूजा ठकारांच्या घराण्यात चालू राहिली.

उजाड गाव वसवायचे तर नुसती घरे बांधून भागत नाही. पाटील, कुलकर्णी, चौगुला, जोशी, सुतार, कुंभार, ज्याचे वतन त्याच्या हाती परत द्यावे लागते. दुष्काळात आणि धामधुमीत परागंदा झालेला माणूस दहा वर्षांनी वेशीवर येऊन उभा राहतो आणि म्हणतो, मी इथल्या वतनदाराचा नातू, माझा वाटा द्या. कागद जळालेले, आजा मेलेला, शेत दुसऱ्याच्या नांगराखाली. हा खरेच त्या कुळातला कशावरून? आज अशाच प्रश्नासाठी गालाच्या आतून बोळा फिरवून तो प्रयोगशाळेत पाठवतात. मराठी मुलखाने त्या प्रश्नाची उत्तरे गेल्या चारशे वर्षांत तीन तऱ्हांनी शोधली आणि दर वेळी 'कुळातला' म्हणजे कोण, हेही नव्याने ठरवले.

गोताची साक्ष

पहिली तऱ्हा गोतसभेची. तंटा लागला की गावचे आणि परगण्याचे वतनदार, सरकारी अंमलदार आणि शेजारच्या गावांचे पाटील एकत्र बसत. वादी-प्रतिवादी आपापला करीना मांडत: मूळ पुरुष कोण, त्याला लेक किती, वाटणी कधी झाली, कोण कुठे गेला. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या साक्षी होत. निवाडा झाला की महजर लिहिला जाई आणि खाली प्रत्येकाची निशाणी पडे: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, चांभाराची रापी. माणसाचे नाव 'अमुक बिन तमुक' असे बापाच्या नावासकट येई. त्याची खरी ओळख मात्र वतन आणि निशाणी यांत असे.

साक्षी तुल्यबळ निघाल्या तर दिव्य. त्यातले रवादिव्य सर्वांत धसक्याचे. दावेदाराला उपास घडवून स्नान घालत. त्याचा हात धुऊन, नखे काढून, आधीचे डाग-व्रण नोंदवून ठेवत. मग तापलेल्या तेला-तुपाच्या भांड्यातून धातूचा रवा हाताने काढायचा. हात पिशवीत घालून वर मोहोर करायची आणि ठरल्या दिवशी सर्वांसमक्ष पिशवी सोडायची. हात भाजलेला नसेल तर दावा खरा. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ अशाच महजरांच्या आधारे लिहिला. तो वाचताना एक गोष्ट लक्षात येते. वंशाची शंका पुष्कळदा वतनाच्या शंकेतून उगवे. वाटा मागितलाच नाही तर कोणी कोणाला 'तू कुणाचा' असे विचारायला जात नसे.

आडनावही या वतनाच्याच हिशेबातून घडत होते. कसब्यातले वाडे आणि आळ्या फिरल्या तरी ते कळते. तांबट आळीत तांब्याचे काम, कुंभारवाड्यात मडकी, कागदीपुऱ्यात हातकागद. कागदी हे तिथल्या लोकांचे आडनाव झाले ते धंद्यावरून. दौलताबादेजवळही कागदीपुरा आहे आणि तिथेही कागदच बनत आला. दोन्हीकडचे कागदी एका पूर्वजाचे असायला हवेत असे त्यात काहीच नाही. गावची पाटीलकी झांबऱ्यांकडे होती, म्हणून ते झांबरे पाटील. परगण्याचे देशपांडेपण होनपांकडे, म्हणून होनप देशपांडे. हाच हुद्दा दुसऱ्या परगण्यात दुसऱ्या कुळाकडे, त्यामुळे देशपांडे हे आडनाव लावणारी शेकडो घरे आणि त्यांचे मूळ पुरुषही तितकेच वेगळे. जोशी, कुलकर्णी, पाटील, देशमुख यांचे तेच. हुद्दा, धंदा आणि गाव या तीन खाणींतून पुष्कळ मराठी आडनावे निघाली आहेत. चौथी खाण टोपणनावांची, तिला तर अंतच नाही.

उलटही घडत होते. एकाच कुळाची पाती वेगळी झाली की आडनावे वेगळी होत. पुण्यातल्या रास्ता पेठेचे नाव ज्यांच्यावरून पडले ते रास्ते मूळचे गोखले. पेशव्यांचे मूळ आडनाव भट, नाना फडणविसांचे भानू. मुधोळचे घोरपडे आणि वेरूळचे भोसले एकाच मुळाचे, अशी दोन्ही घराण्यांत चालत आलेली समजूत आहे. म्हणजे एका आडनावाखाली अनेक कुळे आणि एका कुळाची अनेक आडनावे, असा हा दुहेरी गुंता.

तो सोडवायला लोकांनी आडनावावर कधी भिस्त ठेवली नाही. सोयरीक ठरवताना ब्राह्मण घरांत गोत्र-प्रवर विचारत, मराठा-कुणबी घरांत देवक. आडनाव एकच, पण एकाचे देवक कळंब आणि दुसऱ्याचे पंचपल्लव, तर भाऊबंदकी नाही, लग्नाला हरकत नाही. आडनावे वेगळी आणि देवक एक, तर मात्र सोयरीक मोडे. त्याच्या जोडीला कुलदैवत. कोकण सोडून देशावर आलेले घर पिढ्यान् पिढ्या गुहागरच्या व्याडेश्वराला जात राहिले, खानदेशात गेलेले जेजुरी विसरले नाही. कुटुंबाने वाट बदलली तरी मूळ गाव कोणते, याची खूण अशी नवसा-जत्रांत जपली जाई.

कंपनी सरकार आणि कुळाचे कागद

पेशवाई बुडाल्यावर दुसरी तऱ्हा आली, कागदाची. कंपनी सरकारला गोतसभा नको होती, त्यांना दाखला हवा होता. १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले. मरणापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. गव्हर्नर जनरल डलहौसीने तो राज्याचा वारस म्हणून मानला नाही आणि सातारा खालसा केले. पुढे नागपूर आणि झाशी त्याच वाटेने गेली. मराठी व्यवहारात दत्तविधान झाले की मुलगा त्या घरचा. श्राद्ध, सुतक, वाटणी, गादी, सगळ्यांत तो पोटच्या मुलासारखाच. कंपनीने त्या विधीपुढे पोटचा वारस मागितला आणि राज्ये घशात घातली.

१८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला जोर आला. इनामदारांना सनदा काढून दाखवाव्या लागल्या, त्याबरोबर वंशावळीही. मूळ इनाम कोणाला मिळाले, त्याच्यापासून तुम्ही कितवे, मधल्या पिढ्या कोणत्या? घरोघरी माळ्यावरची गाठोडी सुटली. पुण्यात या कामाचे आणि पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, एका कचेरीत रचले गेले. गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात त्या दप्तरातून ४५ खंड संपादून काढले, तेव्हा त्या ढिगाची खोली लोकांना कळली.

त्याआधीच वि. का. राजवाड्यांनी वेड्यासारखी पायपीट सुरू केली होती. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड निघाला. वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला चाललेली, उंदरांनी कुरतडलेली, विहिरीत बुडवायला काढलेली दप्तरे ते हात जोडून, भांडून, प्रसंगी मालकाला चार शब्द सुनावून मिळवत. ७ जुलै १९१० रोजी त्यांनी आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. राज्यांचा इतिहास घरांच्या दप्तरांत आहे, हे मंडळाने शिकवले. त्यातून घरांना स्वतःचाही इतिहास लिहावासा वाटू लागला.

कुलवृत्तांतांचे युग आले ते या हवेत. आपटे, बापट, लिमये, गोखले, भिडे, साठे अशा एकेका आडनावाची जाड बांधणीची पुस्तके निघाली. काम ठरीव पद्धतीने चाले. एखादा निवृत्त शिक्षक किंवा कारकून चिटणीस होई. गावोगाव छापील प्रश्नपत्रिका जात, उत्तर न देणाऱ्यांना स्मरणपत्रे जात, मूळ गावच्या देवळात आणि त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत नावे ताडून पाहिली जात. शेवटी कुलसंमेलन भरवून ग्रंथ प्रसिद्ध होई. कोण कुठे शिकला, कुठे नोकरी लागली, पत्नीचे माहेर कोणते, हे सगळे त्यात असे.

या ग्रंथांची मांडणी पाहण्यासारखी आहे. एका आडनावाचा एकच वृक्ष त्यांत सहसा नसतो. गावांवरून आणि शाखांवरून 'घराणे पहिले', 'घराणे दुसरे' असे भाग पडतात. मंडळींनी प्रामाणिकपणे धागा जुळेल तिथवर जोडला आणि जिथे तुटला तिथे वेगळे घराणे मांडले. मूळ पुरुष एकच, हे गोत्र-कुलदैवताच्या आधारे मानलेले असे, पण मधल्या पिढ्यांची नावे हाती नसत. बहुतेक वृक्ष शिवकाळाच्या आसपास जाऊन थांबतात, कारण कागदच तिथे थांबतो.

कागद फक्त लिहित्या घरांकडे होता असेही नाही. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि सीमेपलीकडे बेळगावच्या गावांतून हेळवी फिरत. सुगीनंतर दारात येऊन ते घरच्या पूर्वजांची नावे म्हणून दाखवत, नव्या जन्माची नोंद करत आणि धान्य घेऊन पुढल्या गावी जात. त्यांच्या पोथ्यांत कुणब्याच्या, धनगराच्या, लिंगायताच्या घरच्या पिढ्या आहेत. पुण्याच्या संशोधकांचे लक्ष त्यांच्याकडे उशिरा गेले.

डेक्कन कॉलेजातली मोजमापे

कागद थांबतो तिथून पुढे शरीर काही सांगेल का, हा प्रश्न पुण्यात ज्यांनी गंभीरपणे हाताळला त्या इरावती कर्वे. १९०५ मध्ये ब्रह्मदेशात जन्म, पुण्यात शिक्षण, मग बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या वंशश्रेष्ठतावादी प्राध्यापकाच्या हाताखाली डॉक्टरेट. युरोपीय कवटीची असमानता इतरांहून वेगळी असते, असे काही गुरूला हवे होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा फरक नाही असे लिहिले. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले, तेव्हापासून त्या तिथे होत्या. महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी माणसांच्या उंच्या, डोक्याची मापे, रक्तगट गोळा केले.

१९६८ मध्ये त्यांचा आणि कैलाश मल्होत्रा यांचा एक निबंध 'करंट अँथ्रपॉलॉजी' मध्ये आला. महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजाती, एकाच दर्जाच्या, पण आपसांत लग्न न करणाऱ्या. त्यांची शारीरिक तुलना. एका मोठ्या जातीची फाळणी होत होत पोटजाती झाल्या, हे गृहीत तोवर सर्रास चाले. इरावतीबाईंचे म्हणणे उलटे होते. एका नावाखाली दिसणारे समूह मुळात वेगवेगळे असू शकतात आणि नाव त्यांना नंतर एकत्र आणते. त्यांनी हे जातीबद्दल म्हटले. आडनावालाही ते शब्दशः लागू पडते.

साइक्सांची गोष्ट

तिसरी तऱ्हा विसाव्या शतकाच्या अखेरीस ऑक्सफर्डमध्ये जवळजवळ योगायोगाने सुरू झाली. जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांना औषध कंपनी ग्लॅक्सो वेलकमसमोर व्याख्यान द्यायचे होते. कंपनीचे अध्यक्ष सर रिचर्ड साइक्स. दोघे नात्यातले का, असे लोक विचारत. ब्रायन यांनी नमुने तपासले तर दोघांचे वाय गुणसूत्र जुळले. मग त्यांनी यॉर्कशायर आणि आसपासच्या साइक्स आडनावाच्या पुरुषांना पत्रे पाठवली. ४८ जणांचे नमुने तपासले, त्यांतल्या २१ जणांचे गुणसूत्र एकाच ठशाचे निघाले. २००० मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी अमेरिकेत ह्यूस्टन इथे 'फॅमिलीट्रीडीएनए' ही कंपनी निघाली आणि आडनावांचे हजारो गट तिथे नमुने देऊ लागले.

यामागचे शास्त्र सोपे आहे. वाय गुणसूत्र फक्त पुरुषात असते आणि बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. त्यावर काही जागी अक्षरांचा एकच लहान तुकडा पुन्हा पुन्हा आलेला असतो, कुणात तेरा वेळा, कुणात चौदा वेळा. अशा ३७ किंवा त्याहून जास्त जागांचे आकडे दोन पुरुषांत ताडून पाहतात. कित्येक पिढ्यांतून एखादा आकडा एकाने वाढतो किंवा घटतो, त्यावरून समान पूर्वज साधारण किती पिढ्या मागे असेल याचा अंदाज बांधतात. युरोपात आडनावही सहसा बापाकडूनच येते, म्हणून दोन्ही वाटा बरोबर चालतात. आईकडून येणारे मायटोकॉन्ड्रियाचे द्रव्य लेकींच्या वाटेने जाते. उरलेली गुणसूत्रे आई-बाप दोघांची मिसळून येतात आणि दर पिढीला पूर्वजाचा वाटा निम्मा होतो.

साइक्सांच्या गोष्टीत उरलेले २७ जणही महत्त्वाचे आहेत. कुठे मूल दत्तक आले, कुठे आईचे आडनाव लागले, कुठे पिता दुसराच होता. दर पिढीला शंभरात एखादे असे प्रकरण घडले तरी सातशे वर्षांत साधारण पाचांतली एक वंशरेषा सुटते. तिसरा रिचर्ड या इंग्लंडच्या राजाची हाडे २०१२ मध्ये लेस्टरच्या मोटारतळाखाली सापडली. त्याच्या बहिणीच्या लेकींच्या वाटेने आलेल्या वंशजांशी मायटोकॉन्ड्रिया जुळला. पित्याच्या बाजूने कागदोपत्री नाते असलेल्या पाच जणांचे वाय गुणसूत्र तपासले, ते राजाशी एकाचेही जुळले नाही. पाचांपैकी चौघांचे आपसांत जुळले, पाचव्याचे त्यांच्याशीही नाही. राजघराण्याची वंशावळ, सरदारांनी शतकानुशतके जपलेली, आणि तरी दोन ठिकाणी तुटलेली.

मराठी आडनाव चाचणीपुढे

आता हीच कसोटी आपल्याकडच्या घरांना लावून पाहू. रास्ते आणि गोखले यांच्या दूरदूरच्या शाखांतल्या काही पुरुषांनी नमुने दिले तर अपेक्षा अशी की आडनावे वेगळी असून गुणसूत्र एक निघावे. भोसले-घोरपड्यांच्या परंपरेचेही तसेच. पाटील, जोशी किंवा कागदी यांचे मात्र उलटे. पन्नास जोशी तपासले तर साइक्सांसारखा एक मोठा गठ्ठा हाती येण्याचे काही कारण नाही. ते आडनाव पत्रा पाहणाऱ्या, मुहूर्त काढणाऱ्या प्रत्येक गावच्या घराला लागले.

दत्तकाने तर चाचणीच्या गृहीतालाच धक्का बसतो. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड मूळचे कवळाण्याचे गोपाळराव. १८७५ मध्ये जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले. ते गायकवाडच होते, त्यामुळे पितृरेषा कुळातच राहिली. जवळच्या भाऊबंदातला मुलगा घ्यावा, हा दंडक पुष्कळ ठिकाणी असाच पाळला जाई. कोल्हापुरात तसे झाले नाही. १८८४ मध्ये भोसल्यांच्या गादीवर दत्तक आलेले यशवंतराव हे कागलच्या जयसिंगराव घाटग्यांचे पुत्र. तेच राजर्षी शाहू छत्रपती. १९४७ मध्ये त्याच गादीवर देवासच्या पवार घराण्यातले विक्रमसिंहराव आले आणि शहाजी छत्रपती झाले. ते शाहू महाराजांच्या लेकीचे, आक्कासाहेबांचे चिरंजीव. रक्ताने ते शाहूंचे नातू, पण ती वाट लेकीची. वाय गुणसूत्र पाहणाऱ्याला तिथे पवार दिसतील, त्याआधी घाटगे. भोसल्यांची गादी मात्र कोल्हापूरच्या लेखी अखंड आहे, कारण ती दत्तविधानाने आणि प्रजेच्या मान्यतेने चालली.

डलहौसीने जो प्रश्न विचारला, तोच वाय गुणसूत्र विचारते: बापाचा मुलगा, त्याचा मुलगा, त्याचा मुलगा, एवढेच. प्रश्न खरा आहे. फक्त मराठी कुळ त्या एका प्रश्नावर कधीच उभे नव्हते.

दिवेकर आणि दिवेकर

मराठी बोलणाऱ्या ज्या समाजाच्या वंशकथेला जनुकशास्त्राने सर्वांत नेमके उत्तर दिले तो बेने इस्रायली ज्यूंचा. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून समाज वाढला. ते तेलाचे घाणे चालवत आणि शब्बाथला काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावे त्यांनी शेजाऱ्यांसारखीच गावांवरून घेतली: रोहेकर, पेणकर, नवगावकर, केहिमकर, दिवेकर. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या समाजाचा इतिहास लिहिला, तो १९३७ मध्ये छापून निघाला. पुण्यात रास्ता पेठेतले सुक्कथ शेलोमो सिनेगॉग त्यांचेच.

यांतले दिवेकर हे आडनाव आपल्या विषयाचा नमुनाच आहे. टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. १९२७ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे परमानंदाचे 'शिवभारत' संपादून आणि भाषांतरून देणारे सदाशिव महादेव दिवेकर हे हिंदू ब्राह्मण. पहिल्याची प्रार्थना हिब्रूत, दुसऱ्याचे पांडित्य संस्कृतात, आणि आडनाव शब्दशः तेच. दिवे नावाची गावेही एकाहून जास्त, रायगडच्या किनाऱ्यावर दिवेआगर आणि सासवडच्या वाटेवर दिवे. आडनावावरून फार तर घर कोणत्या वाटेने आले ते कळेल.

बेने इस्रायल इस्रायलला गेले, तेव्हा त्यांच्यापुढे गोतसभाच बसली. १९६० नंतर तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांच्या वेळी आजे-पणजे तपासायचा हुकूम काढला. समाजाने निदर्शने केली आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने त्यांना सर्व अर्थांनी पूर्ण ज्यू मानले. निवाडा झाला तो माणसांच्या सभेत. विज्ञान पुढे अर्ध्या शतकाने आले. २०१६ मध्ये येदाएल वाल्डमन आणि सहकाऱ्यांनी १८ बेने इस्रायली व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा असा दोन्हींचा भरपूर वाटा निघाला. हे मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचे, म्हणजे साधारण ६५० ते १०५० वर्षांमागचे. ज्यू वाटा जास्त करून पुरुषांकडून आणि भारतीय वाटा स्त्रियांकडून आला होता. गलबतावरच्या सात बायकांची कथा त्यात थोडी हलते, परदेशी बापांची कथा भक्कम होते. कोकणातल्या कोणा आयांनी हे घर उभे केले, हे तिथे पहिल्यांदा पुराव्याने दिसले, कारण आडनावात आणि वंशावळीत त्यांना जागाच नव्हती.

वंशावळ पुन्हा बाजारात

आज महाराष्ट्रात वंशावळीला पुन्हा भाव आला आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने जुन्या दप्तरांत कुणबी नोंदी शोधायला घेतल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना उसंत नाही. पणजोबाच्या नावापुढची एक नोंद आणि तिथपासून आपल्यापर्यंतची साखळी, यासाठी लोक तहसील कचेरीत खेटे घालतात. जातपडताळणीतही वडिलांकडच्या नात्याचा कागद लागतो. इनाम कमिशनपुढे गाठोडी सोडणाऱ्या घरांची तीच धावपळ, फक्त मागणी जमिनीऐवजी आरक्षणाची.

अशा वेळी चाचणीचा पर्याय मनात येणे साहजिक आहे, म्हणून तिच्या मर्यादा ठाऊक हव्यात. भारतातल्या समूहांचे मोठे मिश्रण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी झाले आणि मग लग्ने जातीतच होऊ लागली, असे प्रिया मूरजानी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले. शतकानुशतके आपसांतच सोयरिकी झाल्याने एका पोटजातीतली कोणतीही दोन माणसे दोन-चार वाटांनी नातलग लागतात. साधी जनुक चाचणी त्यांना चुलत-मावस भावंडे म्हणून दाखवते, तेव्हा ते नाते कुळाचे असेलच असे नाही. २०१७ च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ समूहांपैकी ८१ समूह इतक्या थोड्या पूर्वजांपासून वाढलेले आढळले की अश्केनाझी ज्यू आणि फिन लोकही त्यांच्यामागे राहिले. याचा उपयोग आनुवंशिक आजार ओळखायला नक्की आहे, जात किंवा आडनाव सिद्ध करायला नाही.

तरी कुळांनी ही चाचणी टाळावी असे नाही. कुलवृत्तांताच्या चिटणिसांनी जिथे 'घराणे दुसरे' म्हणून रेघ मारली, तिथे ती चांगले काम करील. पहिल्या आणि दुसऱ्या घराण्यातल्या, शक्य तितक्या लांबच्या शाखांतल्या दोन-दोन पुरुषांचे नमुने घ्यावेत. एकाच घरातला दुसरा नमुना पाठीशी असला की मधली तूट लगेच ओळखता येते. दत्तकाची नोंद आधी तपासावी. जुळले तर दोन्ही घराण्यांचा मूळ पुरुष एक, आणि तो अंदाजे किती पिढ्यांमागचा, एवढे म्हणता येईल. त्याचे नाव, गाव आणि वतन सांगायला पुन्हा रुमालच सोडावा लागेल. शिवाय एका माणसाने दिलेली थुंकी सगळ्या भाऊबंदांबद्दल बोलते. '२३अँडमी' ही मोठी कंपनी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा लाखो ग्राहकांना आपला तपशील कुणाच्या हाती जाईल याची धास्ती पडली. म्हणून संमती एकट्याची न घेता घराण्याची घ्यावी आणि न जुळल्यास ते कसे सांगायचे, हे नमुना देण्याआधीच ठरवावे.

ते न जुळणेच अवघड असते. गोतसभेत दावा हरलेल्याला निदान समोर बसलेल्या माणसांशी बोलता येई, अपील करता येई, कधी अर्धा वाटा देऊन तडजोड होई. प्रयोगशाळेचा आकडा तडजोड करत नाही आणि त्याने करूही नये. मात्र त्या आकड्याने फक्त एका पितृरेषेचा निकाल लागतो. सुतक कुणाचे पाळायचे, कुलधर्माला कुणाला बोलवायचे, ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत कुणाचे पान ठेवायचे, हे मराठी कुळाने नेहमीच माणसांत बसून ठरवले आहे. कसब्याच्या वेशीवर परतलेल्या त्या नातवालाही गोताने आपले म्हटले तरच वाटा मिळे. वंशावळ दुरुस्त करायचा अधिकार गुणसूत्राला जरूर द्यावा. कुळातून नाव काढायचा अधिकार मात्र गोताकडेच ठेवावा.